जानेवारीत जमते, एप्रिलमध्ये बिघडते : दुधाविना पनीर आणि चीज करताना खान्देशात वारंवार येणाऱ्या अडचणी

दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या, लॅक्टोज न पचणाऱ्या किंवा स्वेच्छेने दूध सोडलेल्या माणसांच्या घरी सोयाबीनचे पनीर आणि काजूचे चीज आता जळगाव-धुळ्याकडेही केले जाते, आणि त्याबरोबर एक तक्रार ठरलेली असते. हिवाळ्यात हमखास साधणारी कृती, तीच मापे आणि तेच भांडे घेऊनही, होळीनंतर बिघडू लागते. पनीर रश्श्यात पडताच चुरा होते, चीज वितळण्याऐवजी खळीसारखे चिकट होते आणि आंबवायला ठेवलेले मिश्रण एका रात्रीत तोंडात धरवत नाही इतके आंबट होते. करणाऱ्याला वाटते की आपला हातच बिघडला. बहुतेक वेळा हाताचा काही दोष नसतो. कृती लिहिणाऱ्याने 'सामान्य तापमानाला ठेवा' असे म्हणताना वीस-पंचवीस अंशांचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर धरलेले असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांना टेकतो.

याशिवाय आणखी एक कारण बाराही महिने लागू असते. गाईम्हशीच्या दुधातले केसीन नावाचे प्रथिन कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकांत गुंफले जाते, आणि रेनेट या दूध गोठवणाऱ्या विकराने (एन्झाइमने) विरजलेल्या चीजमध्ये ही गुंफण शिल्लक राहिल्यामुळे ते उष्णतेने सैल होऊन ताणले जाते. पनीर करताना आपण गरम दुधात लिंबू पिळतो, त्या आंबटपणाने हे कॅल्शियम निघून जाते, म्हणून पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही. वनस्पतीत केसीन नसते. सोयाबीनचे प्रथिन आकार धरते पण वितळत नाही, साबुदाण्याचा स्टार्च ताणला जातो पण आकार धरत नाही, आणि काजू यांपैकी काहीच न करता फक्त स्निग्धपणा देतो. आपल्याला पनीर हवे आहे की पिझ्झ्यावरचे चीज, हे आधी ठरवले नाही तर पुढचे सगळे उपाय वाया जातात. माझे मत विचाराल तर खान्देशी स्वयंपाकात पनीराची गरज पिझ्झ्यापेक्षा कितीतरी अधिक पडते आणि तेच दुधाविना अधिक चांगले साधते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी.

सोयाचे दूध उकळतानाच फाटते

ही उन्हाळ्यातली पहिली आणि सर्वांत गोंधळात टाकणारी अडचण आहे, कारण लिंबू किंवा अन्य काही घालण्याआधीच पातेल्यात बारीक कण दिसू लागतात. याची कारणे दोन असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. अशी खेप केवळ उन्हाळ्यात बिघडत असेल तर दोष भिजवण्यात आहे, आणि जानेवारीतही बिघडत असेल तर दोष पाण्यात आहे.

सोयाबीन रात्रभर भिजवण्याचा सल्ला थंड हवेसाठी आहे. चाळीस अंशांच्या घरात दहा-बारा तास भिजलेल्या सोयाबीनच्या पाण्यावर फेस येतो, पाणी किंचित चिकट होते आणि त्याला आंबूस वास येतो. हा आंबटपणा दाण्यात शिरलेला असतो, आणि आंबट झालेले सोयाचे दूध तापताच फाटते. मार्च ते जून या काळात पाच ते सहा तास भिजवणे पुरेसे असते, मध्ये एकदा पाणी बदलावे, आणि रात्रभरच ठेवायचे असेल तर पातेले फ्रिजमध्ये ठेवावे. दाणा बोटांनी दुभंगून पाहावा. दोन्ही डाळी आतल्या बाजूला सपाट आणि सर्वत्र एकाच रंगाच्या दिसल्या म्हणजे तो भिजला, आणि मध्यभागी खोलगट, गडद पिवळा ठिपका राहिला असेल तर अजून तासभर हवा.

पाण्याचा दोष बोअरच्या पाण्याने होतो. ज्या घरात तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर धरतो, तिथे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. सोयाचे पनीर विरजण्यासाठी हेच क्षार वापरतात, त्यामुळे जड पाण्याने दूध काढले की विरजण्याचे काम आपल्या नकळत आणि अर्धवट सुरू होते, दाणा नीट मऊ होत नाही आणि दूधही कमी निघते. भिजवायला आणि वाटायला दोन्ही वेळा जारचे किंवा फिल्टरचे पाणी वापरावे. पाणी आधी उकळून, निवू देऊन, वरचे ओतून घेतल्याने थोडाफार फरक पडतो, पण सगळा जडपणा त्याने जात नाही.

उग्र, कच्चट वास

घरातली वडीलधारी माणसे सोया पनीर नाकारतात ते बहुधा या वासामुळे. सोयाबीनमध्ये लिपॉक्सिजिनेज नावाचे एक विकर असते. दाणा थंड पाण्यात वाटला की ते सोयाबीनच्या तेलावर काम करते आणि तो हिरवट वास तयार होतो. एकदा तयार झालेला वास मग उकळून पूर्णपणे जात नाही, म्हणून वेलची किंवा अन्य सुगंध घालून तो झाकण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो. भिजलेले दाणे निथळून, उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून, मग कडकडीत गरम पाण्यातच वाटावेत, म्हणजे विकर निकामी होते. मिक्सरचे भांडे अर्धेच भरावे आणि झाकणावर फडके धरून वाफेला वाट द्यावी, नाहीतर झाकण उडून हात भाजतो.

वाटलेले गाळल्यावर दूध पुन्हा उकळी येऊन निदान दहा मिनिटे मंद आचेवर ठेवणे आवश्यक आहे, कारण कच्च्या सोयाबीनमधली पचनात अडथळा आणणारी द्रव्ये त्याशिवाय कमी होत नाहीत. सोयाचे दूध खरी उकळी येण्याच्या बरेच आधी फेसाने वर चढते, आणि उतू जाते आहे असे समजून गॅस बंद करणाऱ्यांचे दूध कच्चेच राहते. फेस डावाने काढत राहावे आणि दहा मिनिटे त्यानंतर मोजावीत.

सोयाबीन आणताना एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे घरोघरी शेती असल्याने पेरणीच्या पिशवीतून उरलेले सोयाबीन हाताशी असते. पण बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, ते कितीही धुतले तरी खाण्यासाठी वापरू नये. किराणा दुकानातले, या हंगामातले, न फुटलेले दाणे घ्यावेत. जुन्या दाण्यांचे दूध पातळ निघते आणि पनीर कमी भरते.

पनीर भुसभुशीत होते किंवा रश्श्यात चुरा होते

साधारण २५० ग्रॅम कोरड्या सोयाबीनला वाटण्यासकट एकूण दोन लिटरच्या आसपास पाणी हे प्रमाण धरावे. दूध अधिक व्हावे म्हणून याहून जास्त पाणी घातले तर प्रथिन विरळ होते आणि त्याचे गोळे सुटे राहतात. हे झाले पहिले कारण.

दुसरे कारण तापमानाचे आहे. दूध उकळत असतानाच त्यात आंबट ओतले तर प्रथिन एकदम आक्रसते आणि रवाळ कण होतात. दूध फार निवल्यावर ओतले तर ते नीट धरत नाही. गॅस बंद करून दूध ७५ ते ८० अंशांवर येऊ द्यावे. स्वयंपाकाचा तापमापक नसल्यास झाकण काढून पाच-सात मिनिटे थांबावे. वर साय धरू लागली की वेळ आली असे समजावे. उन्हाळ्यात पातेले हळू निवते, म्हणून हिवाळ्यातली मिनिटे जशीच्या तशी मोजू नयेत.

तिसरे आणि सर्वांत जास्त घडणारे कारण म्हणजे ढवळण्याची सवय. दुधाचे पनीर करताना आपण लिंबू पिळतो, ढवळतो, पुन्हा पिळतो, आणि ते चालून जाते, कारण केसीनचे गोळे घट्ट असतात. सोयाचे गोळे सुरुवातीला अत्यंत नाजूक असतात आणि डाव फिरवला की तुटतात; तुटलेले पुन्हा जुळत नाहीत. तीन-चार मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून, तीन हप्त्यांत, पातेल्यात सर्वत्र पसरेल असा ओतावा, प्रत्येक हप्त्यानंतर डाव एकदाच तळापासून वर आणावा आणि शेवटच्या हप्त्यानंतर झाकण ठेवून पंधरा मिनिटे हात लावू नये. खालचे पाणी निवळ, पिवळसर दिसले म्हणजे पुरेसे झाले. पाणी दुधाळ असेल तर आणखी चमचाभर आंबट पाणी कडेने सोडावे.

लिंबाने केलेले पनीर थोडे रवाळ आणि आंबूस होते. त्याऐवजी खाद्य दर्जाचे कॅल्शियम सल्फेट मिळवता आले तर फरक ठळकपणे जाणवतो, कारण ते पाण्यात सावकाश विरघळते, दूध सावकाश धरते आणि वडी गुळगुळीत पडते. वरील प्रमाणाला दोन सपाट चहाचे चमचे अर्धी वाटी पाण्यात कालवावेत आणि ओतण्याच्या क्षणी पुन्हा ढवळावे, कारण पूड तळाशी बसते. बांधकामाच्या किंवा हस्तकलेच्या दुकानातले प्लास्टर ऑफ पॅरिस यासाठी चालत नाही. ते एकच आहे असे सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

गोळे फडक्यात काढल्यावर पाट्यावरचा वरवंटा किंवा पाण्याने भरलेले पातेले वजन म्हणून ठेवावे. आधी दहा मिनिटे हलके वजन आणि मग जड वजन ठेवले तर कडा फुटत नाहीत. तासाभराने फडके न उलगडता ते तसेच थंड पाण्यात बुडवावे. गरम असतानाच वडी कापली तर ती सुरीला चिकटून ढासळते, आणि चार तास फ्रिजमध्ये राहिली की तीच वडी स्वच्छ कापली जाते. एप्रिलमधल्या पनीराला 'नळाच्या थंड पाण्यात' ठेवून उपयोग नसतो, कारण गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी अंघोळीला लागते तेवढे गरम येते. माठातले किंवा फ्रिजचे पाणी घ्यावे.

आता रश्श्याविषयी. आपला काळ्या मसाल्याचा रस्सा चांगला खळखळ उकळतो आणि वर तर्री येते, त्यात नुसते कापलेले सोया पनीर सोडले तर कोपरे झिजतात आणि आतला भाग अळणी राहतो. तुकडे आधी उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, निथळून पुसावेत, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात सर्व बाजूंनी खरपूस करावेत आणि रस्सा उतरवण्याआधी पाच मिनिटे सोडावेत. याहून मला आवडणारा मार्ग असा की वडी फ्रीजरमध्ये रात्रभर गोठवावी, सकाळी वितळू द्यावी आणि दोन्ही तळव्यांत दाबून पाणी पिळून काढावे. बर्फाच्या कणांनी आत जाळी पडते, रंग जरा पिवळट होतो, पण ती जाळी रस्सा शोषून घेते आणि चुरा होण्याचा प्रश्न मिटतो. ज्यांना मऊ, मलईदार तुकडा हवा आहे त्यांनी मात्र हे करू नये.

गाळून उरलेला चोथा ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीत ढकलण्याचा मोह होतो. भाकरी थापताना फाटते. थालीपिठात तो छान मुरतो.

शेंगदाण्याचे पनीर धरतच नाही

भुईमूग घरचा असल्याने हा प्रयोग बऱ्याच जणी करतात. शेंगदाण्यात प्रथिन साधारण पाव भाग असते, पण जवळजवळ निम्मा भाग तेल असते, आणि ते तेल गोळ्यांच्या मध्ये येऊन वडी ठिसूळ करते. एक भाग सोयाबीन आणि दोन भाग शेंगदाणे असे मिश्र दूध काढले, किंवा गाळलेल्या दुधात लिटरमागे दोन चमचे कॉर्नफ्लोर घालून मग विरजले, तर वडी बरी पडते. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे निवडून टाकावेत, कारण बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उकळण्याने जात नाही.

वितळणारे चीज : गोळा होतो, तेल सुटते किंवा हलतच नाही

तव्यावरच्या पिझ्झ्यासाठी किंवा सँडविचसाठी जे लागते ते मुळात एक दाट सॉस असते, आणि ते गरम असतानाच ओतून वापरले तर अर्ध्या तक्रारी उद्भवत नाहीत. शंभर ग्रॅम काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, एक वाटीहून थोड्या अधिक पाण्यात अगदी गुळगुळीत वाटावेत. त्यात साबुदाण्याचे बारीक पीठ तीन मोठे चमचे, मीठ आणि दोन चमचे तेल घालून मध्यम आचेवर ढवळत राहावे. काजू महाग वाटत असतील तर निम्मे काजू आणि निम्मा टरबुजाच्या बियांचा मगज चालतो. शेंगदाण्याची चव मात्र इथे लपत नाही.

मिश्रणात प्रथम गाठी होतात आणि इथेच पुष्कळ जण पातेले उतरवतात. स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान फुलतो, पण एकाच वेळी सगळीकडे फुलत नाही. आणखी तीन-चार मिनिटे घोटले की गाठी एकमेकींत मिसळतात, रंग पांढऱ्याचा अर्धपारदर्शक होतो आणि चमच्यातून तार सुटते. याउलट तार एकदा येऊन मग मिश्रण पुन्हा पातळ झाले, तर लिंबू आधीच पडले असे समजावे, कारण आंबटाबरोबर शिजत राहिलेला स्टार्च तुटतो. लिंबू गॅस बंद केल्यावरच घालावे.

वडी पाडून किसायचे चीज हवे असेल तर चायना ग्रास, म्हणजे अगर, लागते, आणि मग 'वितळत नाही' ही तक्रार सुरू होते. अगर घट्ट होते ते ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान, पण पुन्हा सैल व्हायला त्याला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. तव्यावरच्या पावाच्या वर पडलेला कीस तितका तापतच नाही. अगर निम्मे करून साबुदाण्याचे पीठ वाढवावे, आणि भाजताना तव्याच्या कडेने दोन चमचे पाणी शिंपडून घट्ट झाकण ठेवावे. वनस्पतींपासून केलेले विकतचे चीजही कोरड्या आचेपेक्षा वाफेवर पुष्कळ चांगले सैल होते.

तेल सुटण्याची तक्रार जवळजवळ पूर्णपणे उन्हाळ्याची आहे. बहुतेक कृतींत खोबरेल तेल असते ते वडीला घट्टपणा यावा म्हणून, आणि खोबरेल तेल २४ अंशांच्या वर पातळ होते. न्हाणीघरातली तेलाची बाटली डिसेंबरात थिजते आणि मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पातळच असते. त्या काळात ओट्यावर ठेवलेली चीजची वडीही मऊ पडून तिच्या अंगावर तेलाचे थेंब येतात. तेल निम्मे करावे, वाटतानाच तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे सोया लेसिथिन मिळाल्यास चमचाभर घालावे, आणि किसण्याआधी वडी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावी. स्वयंपाकासाठीचे रिफाइंड खोबरेल घेतले तर खोबऱ्याचा वास येत नाही.

अनेक कृतींत चवीसाठी न्यूट्रिशनल यीस्ट, म्हणजे निष्क्रिय करून वाळवलेले यीस्ट, सांगितलेले असते; ते पावाचे यीस्ट नव्हे. पावाचे यीस्ट जिवंत असते आणि चव कडवट करते. लहान गावांत न्यूट्रिशनल यीस्ट दुकानात मिळणे कठीण असते, अशा वेळी चिमूटभर हिंग, लसणाची पूड आणि मोहरीची पूड यांवर भागवावे. पिकलेल्या चीजच्या वासात गंधकयुक्त द्रव्यांचा वाटा असतो आणि तशी द्रव्ये हिंगातही असतात, त्यामुळे ही जोड अनपेक्षितपणे जवळ जाते. हिंग जरा जरी जास्त झाला तरी वरणाची आठवण येते, एवढे सांभाळावे.

आंबवलेले चीज फार आंबट होते

वाटलेल्या काजूत दुग्धाम्ल जीवाणू सोडून २४ ते ४८ तास ठेवण्यास सांगणारी कृती मे महिन्यात शब्दशः पाळू नये. दही लावणारे काही जीवाणू ४० ते ४३ अंशांवर सर्वाधिक जोमाने वाढतात, आणि आपले बंद स्वयंपाकघर दुपारी नेमके तेवढेच असते. पाचव्या तासापासून दर दीड-दोन तासांनी चव पाहावी आणि जरा कमी आंबट असतानाच फ्रिजमध्ये ठेवावे, कारण तिथेही आंबटपणा थोडा वाढतो. डिसेंबर-जानेवारीत उलट भांडे जाड कापडात गुंडाळावे लागते. विरजण म्हणून घरचे दही घेतल्यास पदार्थ दुधाविना राहत नाही. अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी दूध नसलेली प्रोबायोटिक कॅप्सूलच वापरावी. पृष्ठभागावर गुलाबी, नारिंगी, काळे किंवा केसाळ काही दिसले तर वरचा थर खरवडून खालचे ठेवू नये, सगळेच टाकावे.

सोया पनीर फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून, तीन-चार दिवस राहते. वीज बराच वेळ गेली की मात्र हा हिशेब कोलमडतो. ३२ अंशांच्या वरच्या हवेत एका तासाहून अधिक उघडे राहिलेले मऊ चीज किंवा पनीर खाऊ नये.

विकतचे घेताना

लॅक्टोज-फ्री चीज हे दुधाचेच असते, त्यातली फक्त साखर फोडलेली असते. लॅक्टोज न पचणाऱ्याला ते चालते, दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्याला ते धोक्याचे आहे. हॉटेलांना पुरवल्या जाणाऱ्या स्वस्त 'अ‍ॅनालॉग', म्हणजे नकली, पनीरात वनस्पती तेल असते म्हणून ते दुधाविना असेल असा समज पसरलेला आहे, पण त्यात दूध पावडर बहुधा असतेच. हिरव्या ठिपक्याचा इथे काही उपयोग नाही, कारण दूध शाकाहारीच गणले जाते. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन, म्हणजे कोणताही प्राणिज घटक नसलेल्या, पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांच्यासाठी व्ही अक्षर व पान असलेले हिरवे चिन्ह ठरवले. वेष्टनावर आधी ते शोधावे, आणि मग घटकांच्या यादीत सोडियम केसिनेट, व्हे पावडर किंवा दुग्ध घनपदार्थ या दुधापासूनच्या घटकांपैकी काही छापलेले आहे का ते वाचावे.